भिंतीवरचं रामायण

माझ्या आजीच्या रामायणात लंकेचं युद्ध दोन-तीन ओव्यांत संपायचं. सेतू, इंद्रजित, संजीवनी यांना तिच्या जात्यावर फारशी जागा नव्हती. तिचं रामायण खरं सुरू व्हायचं ते सीता अयोध्येला परत आल्यावर, आणि तेही सिंहासनापाशी नाही, घरातल्या एका भिंतीपाशी.

गोष्ट अशी. सासू कैकयी सीतेला विचारते, रावण दिसायला कसा होता गं? सीता म्हणते, मी मान वर करून पाहिलंच नाही; खाली बघत होते तेव्हा त्याच्या पायाचा अंगठा तेवढा दिसला. मग अंगठा तरी काढून दाखव, असं सासू म्हणते. सीता भिंतीवर अंगठा काढते आणि कामाला निघून जाते. मागे कैकयी त्या अंगठ्यावरून पाय काढते, पायावरून धड, धडावर दहा तोंडं. संध्याकाळी राम घरी येतो तेव्हा भिंतीवर अख्खा रावण उभा असतो. सासू मुलाला म्हणते, बघ, तुझ्या बायकोच्या मनात अजून कोण आहे ते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मण, रथ, वन. पण आजीच्या ओव्यांतलं वन दंडकारण्य नव्हतं. त्यात बोरी होत्या आणि बाभळी होत्या. रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला तिथे ऋषिपत्नी येत नसत, बोरी-बाभळी येत. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आमच्या निमगाव सावाच्या आसपास, कुकडी प्रकल्पाचं पाणी येण्याआधी बांधावर हीच झाडं होती. काटेरी, कमी पाण्यावर जगणारी, कुणी मुद्दाम न लावलेली. आजीने सीतेला आपल्याच शिवारात आणून सोडलं होतं.

आजीला वाचता येत नव्हतं. पहाटे बाजरी दळताना तिच्या तोंडून ऐकलेल्या या ओव्या माझ्या आईने मला सांगितल्या, कारण माझ्या जन्माच्या आधीच गावात पिठाची गिरणी आली होती आणि जातं भिंतीकडेला सरकलं होतं. म्हणजे माझ्यापर्यंत गाणं पोचलं ते बरंचसं गोष्ट होऊन. तरी तेवढ्यावरूनही एक प्रश्न मला कॉलेजात वाल्मीकी रामायणाचं भाषांतर वाचल्यापासून सतावत राहिला. तिथे ही भिंत नाही. कैकयीचा यात काही संबंध नाही. उत्तरकांडात राम आपल्या माणसांना विचारतो, नगरात लोक काय बोलतात? भद्र नावाचा एक जण सांगतो की रावणाच्या घरी राहिलेल्या बायकोला राजाने परत घेतलं, याबद्दल लोक बोलतात. राजा लोकापवादाला भितो आणि सीतेला सोडतो. चित्र नाही, अंगठा नाही, सासू नाही.

मग हा अंगठा आला कुठून?

शोधायला गेल्यावर कळलं की तो एकट्या आजीचा नाही. रावणाच्या चित्राची ही गोष्ट देशभर पसरलेली आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या जैन रामकथेत सीतेच्या सवती तिच्याकडून रावणाचे पाय काढून घेतात. सोळाव्या शतकातल्या बंगालच्या चंद्रावतीच्या रामायणात कैकयीची मुलगी कुकुया सीतेला पंख्यावर रावण काढायला लावते. तेलुगू बायकांच्या गाण्यांतही हे चित्र आहे. कुठे सवत, कुठे नणंद, कुठे सासू. पण दोष नगरातल्या लोकांच्या तोंडून घरातल्या माणसाच्या हातात आला आहे, हे बहुतेक ठिकाणी सारखं. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो साठा आज ‘परी’ या संकेतस्थळावर आहे. त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्या चाळल्या की वाटतं, या बायकांना राजधर्माच्या प्रश्नात काही रस नव्हता. राजाला प्रजेचं ऐकावं लागतं का, हा प्रश्न राजांना पडतो, किंवा राजांसाठी लिहिणाऱ्यांना. दळणाऱ्या बाईला लोकापवाद माहीत होता, पण तो चावडीवर सुरू होत नाही, घरात सुरू होतो, हेही माहीत होतं. तिने गोष्ट जिथे खोटी वाटत होती तिथे दुरुस्त केली.

हे दुरुस्त करणं आमच्याच तालुक्यात फार जुनं आहे, हे मला बऱ्याच उशिरा समजलं.

जुन्नर हे सातवाहनांच्या राज्यातलं मोठं ठाणं. तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. कोकणातून देशावर चढणारा माल तिथून जायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. नवऱ्यामागे राज्याचा कारभार सांभाळलेली ही बाई. लेखाच्या आरंभी देवांना नमन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार दिशांचे लोकपाल. मग यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. त्या लेखात देव आहेत ते असे. त्यांची नावं घ्यायची, त्यांच्यासाठी दान द्यायचं, आणि किती दिलं ते दगडावर कोरून ठेवायचं. देव म्हणून त्यांना काही गोष्ट नाही, घर नाही, रुसवा नाही.

आता त्याच सातवाहनांच्या नावाने ओळखला जाणारा दुसरा ठेवा पाहा. हाल राजाने संकलित केली असं मानतात ती ‘गाथासप्तशती’: महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत तिची मोठी आवृत्ती काढली. ती हाती आल्यावर मला वाटलं की हे पुस्तक आपल्याला शाळेत कुणी दाखवलं नाही ते का? नाणेघाटच्या लेखात ज्यांना नुसतं नमन आहे, त्या देवांना इथे खेडं मिळालं आहे. वासुदेव इथे गवळ्यांच्या वस्तीतला पोरगा आहे. यशोदा म्हणते, माझा दामोदर अजून लहान आहे हो. आणि वस्तीतल्या बायका कृष्णाच्या तोंडाकडे बघून गालात हसतात. दुसऱ्या एका गाथेत राधिकेच्या तोंडावर गाईंच्या पायांची धूळ बसलेली आहे. कृष्ण फुंकर घालून ती उडवतो आणि तेवढ्या फुंकरीने बाकीच्या गवळणींचा तोरा उतरतो. राधेचं नाव भारतीय साहित्यात ज्या सर्वांत जुन्या ठिकाणी सापडतं, त्यांपैकी हे एक. म्हणजे राधा आपल्याला पहिल्यांदा भेटते ती धुळीने माखलेल्या तोंडाची.

आणि याच गाथांत एक भिंत आहे.

दोन ओळींची गाथा. घरात एक सून आहे आणि तिचा दीर. दिराच्या मनात पाप आहे. सून त्याला काही बोलत नाही, ओरडत नाही. घराच्या भिंतीवर रामायणाची चित्रं काढलेली आहेत. ती दिवसभर त्याला चित्रं दाखवत बसते: हा राम, हा त्याच्या मागोमाग जाणारा लक्ष्मण, आणि लक्ष्मण वहिनीशी कसा वागला ते हे असं. एवढंच. पुढे काय झालं, दीर वरमला की नाही, गाथा सांगत नाही.

त्याच संग्रहात थोडं पुढे दुसरी गाथा आहे. जणू त्याच घरातली. दिराचं मन वाईट, नवरा तापट. सून कुणालाच काही सांगत नाही, कारण सांगितलं तर कुटुंब फुटेल. ती नुसती वाळत जाते.

ही दुसरी गाथा वाचल्यावर पहिलीचा अर्थ बदलतो. पहिलीतली सून चतुर आहे, असं टीकाकार म्हणतात. मला ती अडकलेली वाटते. तिच्याकडे तोंड उघडायचा एकच सुरक्षित मार्ग होता: जुन्या गोष्टीच्या आडून बोलणं. लक्ष्मणाचं नाव घेतलं तर कुणाला राग येणार नाही. कवीने काय केलं? महाकाव्यातला भावाभावांचा, निष्ठेचा आदर्श उचलला आणि एका बाईच्या हातात ढाल म्हणून दिला. कथा तीच, चित्रं तीच. पण रामायण कशासाठी असतं, याचं उत्तर बदललं.

जुन्या कवितेने त्याहून जुन्या दैवतकथा अशा वळवून घेणं फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. साधारण याच काळात, हान राजवटीच्या चीनमध्ये, एका ताऱ्याचं असंच झालं. ‘शीचिंग’ हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह, ३०५ कवितांचा. त्यातल्या एका कवितेत पूर्वेकडचे लोक करांच्या आणि वेठीच्या ओझ्याची तक्रार करतात, आणि तक्रार करता करता आकाशाकडे बोट दाखवतात: तिथे विणकरीण नावाचा तारा आहे, दिवसभर जागा बदलतो, पण विणतो काय? कापडाचा एक तुकडा नाही. बैल नावाचा तारा आहे, पण गाडी ओढत नाही. तिथे विणकरीण ही रिकामं नाव आहे, आकाशावर मारलेला टोमणा. काही शतकांनी हान काळातल्या ‘एकोणीस जुन्या कविता’ या संग्रहात तीच विणकरीण येते तेव्हा ती बाई झालेली असते. हात मागावर चालतात, कापड पुरं होत नाही, कारण आसवं थांबत नाहीत. मध्ये आकाशगंगा आणि पलीकडे तिचा गुराखी. पाणी उथळ आहे, अंतर फार नाही, तरी बोलता येत नाही. कापड पुरं न होणं दोन्हीकडे आहे. पहिल्या कवीसाठी तो आकाशाचा नाकर्तेपणा होता, दुसऱ्यासाठी विरह. आज चीनमध्ये सातव्या महिन्याच्या सप्तमीला सण साजरा होतो तो या दुसऱ्या कवितेतल्या विणकरणीचा. करांनी पिचलेल्या लोकांचा टोमणा ग्रंथात राहिला.

म्हणजे वारसा घेताना काहीतरी निवडलं जातं आणि काहीतरी मागे पडतं. कोण निवडतं यावर बरंच अवलंबून असतं.

रामायणाच्या भिंतीकडे परत येते, कारण मधल्या काळात ती आणखी एकदा दिसते, आणि तीही आपल्याच माणसाच्या हातून. आठव्या शतकातला भवभूती. तो स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो. हे गाव विदर्भातलं. त्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवायला नेतो. त्यांच्याच आयुष्याची चित्रं: मिथिलेतलं लग्न, वनवास, पंचवटी, गोदावरी. सीता गरोदर आहे. चित्रं बघता बघता दोघं रडतात, हसतात, आणि सीता म्हणते, मला ते वन पुन्हा एकदा बघायचं आहे. दमून ती रामाच्या अंगावर झोपते. त्याच वेळी दुर्मुख नावाचा हेर येऊन रामाच्या कानात लोकांचं बोलणं सांगतो. वन बघायची तिची हौसच तिला वनात सोडण्याचं निमित्त होते.

भवभूतीची चित्रं कुणी कपटाने काढलेली नाहीत. ती प्रेमाने दाखवली जातात, आणि म्हणून जास्त लागतात. त्याला वाल्मीकीचा शेवटही पचला नाही. वाल्मीकीकडे सीता शेवटी भूमीला हाक मारते आणि भूमी तिला पोटात घेते. भवभूती सातव्या अंकात नाटकात नाटक उभं करतो, गंगा आणि पृथ्वीला साक्षीला आणतो, अरुंधतीकरवी जमलेल्या लोकांना जाब विचारतो आणि सीता रामाला परत देतो. ज्या लोकांनी अपवाद उठवला त्यांनाच तिच्यापुढे मान खाली घालायला लावतो. सगळ्या मराठी मुलखाने अभिमान बाळगावा अशी ही दुरुस्ती आहे. पण तीत एक गोष्ट राहून गेली: सीतेने परत जावं की नाही, हे तिथेही सीतेला कुणी विचारत नाही.

तीन भिंती झाल्या. गाथेतली सून रामायणाच्या चित्राने स्वतःला वाचवते. भवभूतीच्या सीतेला चित्रं आवडतात आणि त्या आवडीतून तिचा घात होतो. आजीच्या ओवीत सीता स्वतःच चित्र काढते, तेही फक्त अंगठा, आणि दुसरंच कुणी ते पुरं करतं. मला या तिसऱ्या भिंतीत सगळ्यांत जास्त माहिती दिसते. बाईने थोडं बोलावं, बाकीचं इतरांनी भरून काढावं आणि ते तिच्या नावावर मांडावं: सासरी नांदलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’ या पुस्तकात ही बायकांची सीता सविस्तर मांडली आहे. वेदना आणि विद्रोह एकाच गाण्यात कसे राहतात, ते त्यांच्याकडून समजलं. आजी रामाला देव मानत होती, रामनवमीला देवळात जात होती आणि जात्यावर त्याला बोल लावत होती. तिला त्यात विरोध दिसत नव्हता. देव झाला म्हणून नवरा म्हणून सुटला असं थोडंच आहे.

पण सीतेच्या बाबतीतली सर्वांत मोठी दुरुस्ती या सगळ्यांच्या आधी झाली आहे, आणि ती वाल्मीकीच्या काव्यातच आहे. सीता या शब्दाचा अर्थ नांगराचं तास. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या देवांचं एक सूक्त आहे. त्यात सीतेला जवळ ये म्हटलं आहे, आम्हाला भरभरून दे, फळ दे, असं मागितलं आहे. ती कुणाची मुलगी नाही, कुणाची बायको नाही. ती नांगरलेली जमीन आहे, आणि शेतकरी तिच्याकडे मागणारा आहे. रामायणात जनक नांगर धरतो, तासात मूल सापडतं, आणि तिथून पुढे ती देणारी राहत नाही. ती दिली जाते. आधी बाप देतो, मग नवरा टाकतो. ज्या जमिनीकडे लोक हात पसरत होते, ती काव्यात आली तेव्हा तिला स्वतःला राहायला जागा नव्हती.

हे मी एरवी कदाचित इतकं ताणलं नसतं. पण वडील गेल्यानंतरच्या वर्षात माझ्यापुढे ‘हक्कसोड’ हा शब्द सारखा येऊ लागला.

ज्यांना गावची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की तलाठ्याकडे वारसनोंद होते. फेरफार होऊन सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात. आमच्याकडे आई, दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. मग काही दिवसांनी बहिणींना निरोप येतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जायचं, हक्कसोडपत्रावर सही आणि अंगठा द्यायचा. मुद्रांक नाममात्र असतो. त्यानंतर बहिणींची नावं उतरतात. सही करणाऱ्या बहिणीला भाऊ साडी-चोळी करतो, जेवू घालतो, कधी थोडे पैसे देतो. कुणी जबरदस्ती करत नाही. आमच्याकडेही कुणी केली नाही. ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की जबरदस्तीची गरजच पडत नाही.

कायदा काय म्हणतो हे आता खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती केली, तीही त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती. केंद्राची दुरुस्ती २००५ साली आली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली बाप जिवंत होता की नव्हता याने फरक पडत नाही, मुलीचा हक्क जन्माचा आहे. कायदा जितका स्पष्ट होत गेला, तितकं हक्कसोडपत्र गरजेचं होत गेलं. पूर्वी मुलीचं नाव लागतच नव्हतं, त्यामुळे सोडण्याचा प्रश्न नव्हता. आता लागतं, म्हणून सोडावं लागतं. आणि आमच्या भागात पाणी आल्यापासून, बाजरीच्या जागी ऊस आणि कांदा आल्यापासून, सोडण्याजोगं काहीतरी आहे.

माझ्या आत्यांनी सोडलं. आईने तिच्या माहेरचं सोडलं. मोठ्या बहिणीने मागच्या दिवाळीआधी सही केली. तिला विचारलं तर ती म्हणाली, दोन दिवस हक्काने जाऊन राहायला एक घर असावं म्हणून सही केली. माहेर तुटू नये म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाथेतली सून कुटुंब फुटेल म्हणून गप्प बसली होती. मी बहिणीला ती गाथा सांगितली नाही. तिला ती सांगायची गरज नव्हती.

आजीच्या ओव्यांत ही गोष्ट होती का, हे मी आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, सीतेला वनात सोडलं तेव्हा तिचा बाप कुठे होता, असं आजी दळताना विचारायची. जनक राजा होता. त्याला निरोप गेला नसेल? त्याने गाडी का पाठवली नाही? बाळंतपणाला पोरगी बोरी-बाभळीत, आणि माहेर मिथिलेत मजेत. आजी हे गायची की मध्येच थांबून नुसती बोलायची, ते आईला नीट आठवत नव्हतं. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. रामावर रागावणारे पुष्कळ आहेत. जनकाला जाब विचारणारी मला माझी आजीच भेटली. बाकीच्या ओव्यांत ती भावाच्या बैलजोडीचं, त्याच्या पिकाचं, त्याने नेसवलेल्या लुगड्याचं कौतुक गायची, आणि त्याच जात्यावर हा प्रश्न विचारायची.

तेव्हा मला वाटलं, वारसा हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो आणि दोन्हीकडचा हिशोब कधी जुळवून बघत नाही. जमिनीचा वारसा आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सोडला, आधी नाव नसल्यामुळे आणि मग नाव असूनही. गोष्टीचा वारसा मात्र त्यांनी सोडला नाही. वाल्मीकीची गोष्ट त्यांच्याकडे आली ती कीर्तनातून, पोथीतून, पुरुषांच्या तोंडून. ती त्यांनी जशीच्या तशी परत केली नाही. तिच्यात भिंत बांधली, अंगठा काढला, बाभळी लावल्या, बापाला जाब विचारला. ती त्यांनी कसली. कसेल त्याची जमीन म्हणतात. गोष्टीच्या बाबतीत तो न्याय त्यांनी स्वतःच करून घेतला होता.

मी भावाला फोन केला. सांगितलं की सही करणार नाही. वाटणी मागत नाही, उत्पन्नातलं काही नको, जमीन तूच कस, मी विकायलाही सांगणार नाही. फक्त आईचं नाव राहू दे आणि माझं राहू दे. तो चिडला नाही. बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, “ताई, तुला काहीच नको, तर मग नाव कशाला?”

प्रश्न रास्त होता. कर्ज काढायचं तर दरवेळी माझी सही लागणार, ही त्याची अडचणही खरी आहे. सोसायटीच्या कागदांवर मी येऊन सह्या करीन, हे मी कबूल केलं आहे. पण त्याच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सीतेसाठी शेवटी जमीन फाटावी लागली, कारण जमिनीवर तिच्या नावाची जागा कुठेच नव्हती. अयोध्येत नवऱ्याची, मिथिलेत बापाची. मला जमीन नको आहे. जमिनीवर माझं नाव आहे, हे मला हवं आहे.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे. सीता आहे, लव-कुश आहेत, राम नाही. गावात सांगतात की टाकलेली सीता इथे बाळंत झाली. दारोदार जाऊन तिने मूठभर गहू मागितले. कुणी दिले नाहीत. तिने शाप दिला, या गावात गहू पिकणार नाही, आणि पिढ्यान् पिढ्या पिकला नाही म्हणतात. नव्या संकरित वाणांनी तो शाप मोडला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं. १९९०च्या सुमारास संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करायचा, अशी ती हाक होती, आणि गावंच्या गावं त्यात उतरली.

रावेरीच्या गोष्टीतही दुरुस्ती आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. तिथली सीता रडत बसत नाही, पृथ्वीला पोटात घे म्हणत नाही. ती पिकावर बोलते. काय उगवेल आणि काय नाही, हे ती ठरवते. ऋग्वेदातल्या शेतकऱ्याने जिच्यापुढे हात जोडले होते ती सीता इथे परत आल्यासारखी वाटते, फक्त या वेळी मागणारी ती होती आणि नाही म्हणणारे गावकरी होते. ही गोष्ट कुणा कवीने रचली नाही, किंवा रचली असली तरी त्याचं नाव राहिलं नाही. राहिलं ते सीतेचं.

कांद्याची लागण संपली की भाऊ पुण्याला येणार आहे. बाजारभाव, आईची गुडघेदुखी, सोसायटीचे कागद, असं बरंच बोलायचं आहे. नाव कशाला, हे तो पुन्हा विचारेल असं मला वाटतं. या वेळी मी त्याला आजीची जनकाची ओवी सांगणार आहे. ती त्याच्याही आजीची आहे.